मानेची डाय

पांढुर्ण्याच्या आमच्या घरात सकाळ व्हायची ती पट्ट्याच्या फटफटीनं. बाबांच्या लेथचा चामडी पट्टा एका जागी शिवलेला होता आणि ती शिवण पुलीवरून गेली की फट्‌ असा आवाज यायचा. पट्टा हळू फिरत असेल तर कुणाच्या तरी मोटारपंपाचा शाफ्ट कापला जातोय, जोरात फिरत असेल तर पॉलिश चाललंय, आणि मध्येच थांबला तर वीज गेली किंवा बाबांना चहा हवा, एवढं आम्हाला अंथरुणातूनच कळायचं. टिनाची शेड आणि स्वयंपाकघर यांच्यात एकच भिंत होती. त्यामुळे आमच्या भाकरीला ज्वारीच्या बरोबरीनं तापल्या लोखंडाचा वास असायचा. पाहुणे नाक मुरडायचे. कॉलेजात गेल्यावर मैत्रिणीच्या घरी जेवले तेव्हा मला कळलं की इतरांच्या वरणाला लोखंडाचा वास नसतो, आणि ते वरण मला अळणी लागलं.

बाबा फौजेच्या वर्कशॉपात आठ वर्षं टर्नर होते. तिथून परत येऊन त्यांनी हा जुना लेथ बसवला. जिनिंगचे रोलर, संत्र्याच्या बागांतले पंप, बैलगाडीचे आस, जे येईल ते करायचे. लेथच्या वर भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो होता; दोघांच्याही काचेवर तेलाचा पातळ थर बसायचा आणि आई दर रविवारी तो सोड्यानं पुसायची. बाबा बोलायचे थोडं, आणि ते थोडंही मोजूनमापून. केसाच्या जाडीएवढा फरक त्यांना बोटांनी कळायचा. माणसांच्या बाबतीत मात्र त्यांचं माप नेहमी चुकायचं. समोरचा पांढरे कपडे घालून जीपमधून उतरला, की बाबांच्या तोंडून 'हो जी' आधी निघायचं आणि विचार मागून यायचा.

जीपमधून उतरणारे बहुधा दादासाहेब असायचे. सौंसरचं जुनं मालगुजार घराणं. मालगुजारी गेली होती, पण मान हलवायची पद्धत तशीच होती. दादासाहेबांनी एक रायफल क्लब काढला होता. क्लबाला अध्यक्ष होते, दोन उपाध्यक्ष होते, लेटरहेड होतं, रेशमी फीत लावलेले बिल्ले होते. नेम असलेलं माणूस तेवढं नव्हतं. मी कॉलेजच्या एनसीसीत लहान बोअरच्या रायफलीनं नेम मारायचे आणि तो बऱ्यापैकी लागायचा, ही बातमी त्यांच्यापर्यंत पोचली. क्लबात एक मुलगी असली की मोठे साहेब फोटोला थांबतात, हा हिशेब त्यांनी माझ्यासमोरच एका उपाध्यक्षांना समजावून सांगितला होता. मला राग आला नाही. मला रायफल हवी होती, आणि ती कोण कशासाठी देतोय हे विचारण्याचं ते वय नव्हतं. शिवाय त्या वर्षी जिल्ह्याची निवड व्हायची होती. आमच्या क्लबातून एकच जण राज्याच्या स्पर्धेला जाणार होता. ती एक जागा मला हवी होती. आयुष्यात नंतर बऱ्याच गोष्टी हव्याशा वाटल्या, पण इतक्या सरळ रेषेत दुसरी कुठलीच नाही.

दादासाहेबांची रायफल तीनशे पंधरा बोअरची, आजोबांच्या वेळची, विलायती. त्यांचा पुतण्या रणजित, त्याच्याकडेही तीनशे पंधराच, पण नवी, इथल्या कारखान्याची. आठवडाभर सौंसरच्या नाल्यापलीकडे मातीच्या बांधावर नेम मारून झाल्यावर ठरलं की विलायती रायफल जास्त खरी आहे आणि ती माझ्या खांद्याला बसते. रणजितबाबूला त्याचं काही वाटलं नाही. तो आळसावलेला, हसतमुख मुलगा होता. त्याला मोटारसायकल हवी होती आणि काकांनी रायफल घेऊन दिली होती.

अडचण काडतुसांची होती. परवान्यावर वर्षाला मोजकी मिळत, आणि कारखान्याच्या काडतुसांत एकाची गोळी डोक्याला तर दुसऱ्याची टोपीला, अशी गत असे. तेव्हा दादासाहेबांनी ठरवलं की झाडलेल्या पुंगळ्या पुन्हा भरायच्या. त्यांच्या परवान्यात स्वतःपुरती काडतुसं भरायची मुभा आहे असं ते सांगत. कागद आम्ही कधी पाहिला नाही. त्यांच्या हातात एक इंग्रजी पुस्तक असायचं. त्याची पानं छापखान्यातून जोडलेली यायची तशी होती आणि सुरुवातीची दहा-बारा तेवढी चाकूनं सोडवलेली होती. एवढ्या भांडवलावर ते बाबांना शिकवायला आले.

न समजणाऱ्यांसाठी सांगते. गोळी सुटली की पितळेची पुंगळी, बाबांच्या भाषेत खोखं, फुगते आणि ज्या रायफलीच्या पोटात ती असते त्या पोटाचा हुबेहूब आकार घेते. तिच्यात नवी गोळी धरायची तर ती साच्यात घालून दाबावी लागते. त्या साच्याला डाय म्हणतात. एक डाय पुंगळीचं सगळं अंग दाबून मूळ मापावर आणते. अशी पुंगळी त्या बोअरच्या कुठल्याही रायफलीत जाते, पण आत जरा ढिली बसते. दुसरी डाय फक्त तोंडाजवळची मान दाबते आणि बाकीचं अंग फुगलं तसंच सोडते. ही पुंगळी आपल्या रायफलीत बोटात अंगठी बसावी तशी बसते आणि नेम सुधारतो. दुसऱ्या रायफलीत मात्र तिला जागा नाही; मागून दारासारखा लावायचा बोल्ट मिटतच नाही.

"दादासाहेब, रायफली दोन हायेत तुमच्या," बाबा म्हणाले. ते लेथजवळ उभे होते, दादासाहेब आमच्या एकुलत्या एक खुर्चीवर. "जुनीचं पोट घासून मोठं झालं हाय. रणजितबाबूची नवी हाय, टाइट हाय. पूर्ण अंगाची डाय करू. दोन्हीत चालन."

"ॲक्युरसी कमी होईल?"

"उलीशी होईन जी."

"मग नाही. आपण रानडुकरं हाकलायला भरत नाही आहोत, मिस्त्री. स्पर्धा आहे. ॲक्युरसी!" आणि त्यांनी पुस्तकावर बोट ठोकलं, न फाडलेल्या पानांच्या बाजूला.

"मानेची केली तं नेम चांगला येईन, ते खरं. पण मंग ते खोखे एकाच रायफलीचे होतात. नवीत घालाल तं बोल्टच नाही बसणार."

"अरे समजलं बाबा. पोरगी माझ्याच रायफलीनं मारणार आहे. मानेचीच कर."

अशी निवड झाली. निवड चुकीची नव्हती, हे मी आज मुद्दाम लिहिते. एका रायफलीसाठी, एका माणसासाठी, एका स्पर्धेसाठी मानेची डायच बरोबर. चुकीची होती ती दादासाहेबांची समजूत, की निवड एकदा केली की ती दुसऱ्यांनी लक्षात ठेवायची असते.

मापासाठी रायफल आमच्या घरी आली. तिच्याबरोबर गणपत नावाचा त्यांचा माणूस आला, कारण रायफल एकटी सोडायची नाही असा हुकूम होता. गणपत दोन दिवस शेडच्या दारात स्टुलावर बसून राहिला. पाणी प्यायला तो समोरच्या हॉटेलात जायचा. आईनं पहिल्या दिवशी तांब्या भरून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी ठेवला नाही. रायफल मात्र आमच्या घरात दोन दिवस राहिली, बाबांच्या मांडीवर, माझ्या मांडीवर, एकदा तर आईच्या धान्याच्या कोठीवर. तिला त्याचा काही त्रास झालेला दिसला नाही.

आतल्या पोटाचं माप घ्यायला बाबांनी गंधक वापरलं. संत्र्याच्या झाडांवर मारायची गंधकाची पूड तेव्हा गावात घरोघरी असायची. बाबांनी ती आईच्या लोखंडी पळीत वितळवली, नळीत चिंध्यांचा बोळा कोंबून मागून पोटात ओतली आणि थंड झाल्यावर हळूच ठोकून बाहेर काढली. पिवळा, गुळगुळीत, रायफलीच्या आतल्या पोकळीचा ठसा. मी तो हातात धरला तेव्हा मला एखाद्या बंद खोलीचं आतलं दिसल्यासारखं वाटलं. आईला मात्र घरभर कोंडलेला गंधकाचा वास तेवढा जाणवला.

"माय वं, काय मेलं काय घरात? अन् हे माही पळी!"

डायसाठी बाबांनी ट्रकच्या जुन्या ॲक्सलचा तुकडा घेतला. चार दिवस ते आतून कापत होते, मायक्रोमीटर लावत होते, पुन्हा कापत होते. शेवटी ती लाल तापवून तेलात बुडवायची वेळ आली तेव्हा घरातलं जवसाचं तेल गेलं. आईनं मला ऐकवलं, म्हणजे बाबांना ऐकवलं: "भाजीले तेल नाही अन् हे लोखंडाले पाजून राह्यले." त्या आठवड्यात आम्ही आंबाडीची भाजी कोरडी खाल्ली, वर जवसाची चटणी. तेल नसलं तरी जवस होतं.

दाबायला बाबांनी जीपच्या पाट्याचा एक लांब दांडा बसवून प्रेस केली. दांडा ओढायचं काम माझं. पुंगळीला बोटानं तेलाचा हात लावायचा, साच्याखाली धरायची, आणि दांडा खाली खेचायचा. मनगट, कोपर, खांदा, सगळं एका रेषेत. पहिल्या दिवशी तळहाताला फोड आले. पंधरा दिवसांनी हाताला कळायला लागलं की कोणतं पितळ मऊ आहे आणि कोणतं अडून बसणार. मी शेकडो पुंगळ्या दाबल्या असतील, कारण आठवड्याला झाडलेल्या परत यायच्या आणि पुन्हा दाबाव्या लागायच्या. भरायचं काम दादासाहेब आपल्या वाड्यावर करायचे. पांढरे हातमोजे घालून, सोनाराचा काटा पुढ्यात घेऊन, आणि बघायला माणसं बोलावून. स्पर्धेसाठीच्या पुंगळ्या तयार झाल्या तेव्हा बाबा स्वतः सौंसरला जाऊन देऊन आले आणि पुन्हा एकदा म्हणाले, "हे जुन्या रायफलीचेच हायेत जी. ध्यानात ठेवा." दादासाहेबांनी मान हलवली. मी तिथेच होते.

मग दसरा आला. दसऱ्याला आम्ही दरवर्षीप्रमाणे नागपूरला दीक्षाभूमीवर गेलो. पांढुर्ण्याच्या स्टेशनवर गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. आईनं बांधलेल्या भाकरी माझ्या मांडीवर चेपून त्यांचा भुगा झाला आणि तो आम्ही मैदानात बसून ठेच्याबरोबर खाल्ला. त्या गर्दीत मी फार आनंदात होते. चार दिवसांनी निवड होती. बाबांनी मला पुस्तकांच्या रांगेतून एक पातळसं पुस्तक घेऊन दिलं आणि म्हणाले, "निवड झाली तं पुढचं मी पाह्यतो." त्याच दिवशी सौंसरला वाड्यात शस्त्रपूजा झाली. विलायती रायफल पाटावर मांडली गेली, काडतुसांच्या पेटीला हळदकुंकू लागलं. आम्ही नागपुरात होतो म्हणून आम्हाला कळलं नाही. सौंसरमध्ये असतो तरी त्या ओसरीवर आम्हाला बोलावलं नसतंच, म्हणून तसंही कळलं नसतं.

जिल्ह्याच्या चांदमारीवर, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर, शामियाना घातला होता. स्वागताची भाषणं एवढी लांबली की ऊन समोरून डोळ्यांवर आलं. पहिल्या तुकडीत रणजितबाबू गेला. त्याच्या खांद्यावर विलायती रायफल होती. मला वाटलं, त्याची झाली की माझ्याकडे येईल. त्याची झाली आणि गणपतनं ती खोळीत घालून नाडी बांधली. मग दुसरी, नवी रायफल माझ्यापुढे धरली.

"ही नाही, गणपतभाऊ. ती."

"ती दसऱ्याले पूजेत बसली ना बाई," गणपत खाली बघत म्हणाला. "पूजेतली घराबाहेरच्या हाताले देत नाही मंग. वर्षभर. वाड्याची रीत हाय."

"अन् काडतुसं?"

"काडतुसं तं हेच हायेत. दहा."

पेटीच्या झाकणावर कुंकू होतं. मी शामियान्याकडे पळाले. दादासाहेब पहिल्या रांगेत साहेबांच्या शेजारी बसून सरबत पीत होते. मी सांगितलं की ही काडतुसं या रायफलीत बसणार नाहीत. त्यांनी साहेबांकडे बघून हसून घेतलं.

"अगं, दोन्ही एकाच बोअरच्या आहेत. घाबरू नको."

दोरीपलीकडून बाबा आले होते. "दादासाहेब, ते खोखे मानेच्या—"

"मिस्त्री, आता ही वेळ आहे का?"

शिट्टी झाली. आमच्या तुकडीला पुकारलं. क्लबाकडे दुसरी काडतुसं नव्हती. बाबा दोरीपलीकडे परत गेले. मी जाऊन चटईवर आडवी पडले.

पहिलं काडतूस आत गेलं आणि बोल्ट दोन बोटं अलीकडे थांबला. मी ढकलला. नाही. काढलं, दुसरं घातलं. नाही. तिसरं बसलं. मला आजही कळत नाही कसं. कदाचित ते पितळ जरा कमी फुगलेलं असेल. मी श्वास सोडला आणि मारली. मग पुन्हा तेच. चौथं, पाचवं. तळहाताच्या टाचेनं बोल्ट ठोकायला लागले तेव्हा मागून पंचांचा फौजी आवाज आला, "बाई, हात काढा! बंद करा ते!" एकूण दहातली तीन सुटली. वेळ संपली. तक्ता आणला तेव्हा ती तीन भोकं चहाच्या वाटीखाली झाकली गेली असती, मधल्या काळ्या वर्तुळात. गुण लिहिणाऱ्यानं तीन गोळ्यांचे गुण लिहिले आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: बोल्ट हाताळता आला नाही. रणजितबाबूच्या दहाही गोळ्या तक्त्यावर होत्या, गावभर फिरून आल्यासारख्या. त्याची निवड झाली.

हे इथपर्यंत कदाचित मी विसरले असते. चुका होतात. पुढे चहा झाला. दादासाहेब चार लोकांत उभे होते, बिल्ला लावून, आणि मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आमच्या पोरीनं प्रयत्न चांगला केला. पण रायफल म्हणजे चूल फुंकणं नव्हे. मनगटात जोर लागतो. काय मिस्त्री?"

बाबा म्हणाले, "हो जी."

शेकडो पुंगळ्या ज्या मनगटानं दाबल्या ते मनगट माझ्या शेजारी लटकत होतं, आणि बाबांना ते माहीत होतं. त्यांनी स्वतः माझ्या फोडांवर हळद लावली होती. मी तिथे काही बोलले नाही, कारण तोंड उघडलं असतं तर दादासाहेबांना नव्हे, बाबांना बोलले असते.

परतीच्या बसमध्ये जामसांवळीच्या मारुतीचं दर्शन घेऊन आलेली माणसं होती. एका बाईनं सगळ्यांना खोबऱ्याचा तुकडा वाटला. सौंसरला शेजारची जागा रिकामी झाली तरी मी बसले नाही, बाबांच्या शेजारी बसायचं नव्हतं म्हणून उभी राहिले. घरी पोचल्यावर दोन दिवस आमच्यात एक शब्द नव्हता. पट्टा फटफट करत होता. आईनं तिसऱ्या दिवशी परात आपटली: "तू जेवत नाही, तुहा बाप जेवत नाही. मी काय भितीले वाढू?"

"त्यांले विचार ना," मी म्हटलं. "मनगटात जोर नाही म्हणे माह्या. त्यांनी हो म्हटलं."

आई लेथकडे वळली. "म्हटलं तुम्ही?"

पट्टा फिरतच राहिला.

इथे थोडं थांबते. आता कुणाला हे सांगितलं की ते म्हणतात, जाऊ द्या, माणसं जुनी होती, रीत होती, मनात काही वाईट नव्हतं. तेच तर मला सहन होत नाही. दादासाहेबांच्या मनात द्वेष असता तर मला तो परवडला असता. द्वेष करणारा निदान आपल्याकडे बघतो तरी. त्यांनी मला मुद्दाम पाडलं नाही. पाटावर रायफल ठेवताना मी त्यांच्या डोक्यात आलेच नाही, माझी काडतुसंही नाही, बाबांनी दोनदा सांगितलेलं वाक्यही नाही. आणि माफ केल्यानं मन हलकं होतं असं जे सांगतात, त्यांचं स्वतःचं सहसा काही गेलेलं नसतं.

आठवड्यानं गणपत जीपमधून पिशवी घेऊन आला. राज्याच्या स्पर्धेसाठी रणजितबाबूच्या पुंगळ्या. मानेवर दाबून हव्या होत्या, लवकर. पिशवी बाकावर ठेवून तो स्टुलाकडे वळला. मी प्रेसच्या दांड्यापासून दोन पावलं मागे सरकले आणि हात पाठीमागे बांधले. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, दांड्याकडे पाहिलं. मग त्यांनी लेथ बंद केला, हात पुसले आणि डाय प्रेसमधून सोडवली.

"गणपतभाऊ, मीच येतो सौंसरले," ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता: "चाल वं."

वाड्याच्या व्हरांड्यात दादासाहेब दोन पाहुण्यांबरोबर संत्री सोलत बसले होते. रणजितबाबू खांबाला टेकला होता. आम्ही पायऱ्यांच्या खाली उभे राहिलो, नेहमीच्या जागी. बाबांनी खिशातून एक रिकामी पुंगळी काढली, दाबलेली, दारू नाही, ठिणगीची टोपी नाही, नुसतं पितळ.

"दादासाहेब, रणजितबाबूची रायफल मागवा जी. हे खोखं त्यात घाला. बोल्ट लावून दाखवा."

"हे काय नवीन?"

"लावून दाखवा."

या वेळी बाबांनी 'जी' म्हटलं नाही हे माझ्या लक्षात आलं. पाहुण्यांना गंमत वाटली. रायफल आली. दादासाहेबांनी बोल्ट ढकलला, अडला. पुन्हा ढकलला, अंगठा लाल झाला. एक पाहुणा उठला, जाडजूड गृहस्थ; त्यानंही जोर लावून पाहिला आणि हसून रायफल परत दिली. मग रणजितबाबूनं हात लावला, न ढकलताच सोडून दिला.

"काका, हे तं माह्यानंबी नाही होत," तो म्हणाला. "मंग तिचं काय चुकलं?"

दादासाहेबांनी संत्र्याची साल नीट एका बाजूला गोळा केली.

"हे आधी का नाही सांगितलं, मिस्त्री?"

"सांगतलं होतं. दोनदा."

दादासाहेबांच्या चेहऱ्यावर समाधान आलं. त्यांना मार्ग सापडला होता. "बरं, मग सोपं आहे. तू म्हणत होतास ती पूर्ण अंगाची डाय कर. दोन्ही रायफलींत चालतील. पुढच्या वर्षी पोरगी नवीनं मारेल, काही अडणार नाही. झालं? नेम चांगला आहे तिचा, मी पाहिलाय तक्ता."

त्यांनी तक्ता पाहिला होता.

बाबा माझ्याकडे वळले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी गिऱ्हाइकासमोर मला विचारलं, "काय वं, बनवू?"

मला पुढचं वर्ष हवं होतं. हे खोटं कशाला सांगू? ती तीन भोकं मला डोळे मिटले की दिसत होती. हो म्हटलं असतं तर रायफल होती, काडतुसं होती, जागा होती. दादासाहेब चांगल्या मनानं देत होते. मालक उरलेलं अन्न चांगल्या मनानंच देतो.

"नवी डाय कायले पाहिजे?" मी म्हटलं. माझा आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "मानेची हायेच. काडतुसं हायेत. मले पूजेतली रायफल द्या."

पाहुण्यांनी संत्री सोलणं थांबवलं. दादासाहेब गोंधळले. रागावले नाहीत, मी त्यांच्याकडे चंद्र मागितला असावा तसे, थोडे कीव आल्यासारखे बघत राहिले.

"ते कसं होईल बाई? घरची रीत आहे."

"द्या ना काका," रणजितबाबू हळूच म्हणाला.

"तू गप्प बस."

बाबांनी पिशवी पहिल्या पायरीवर ठेवली, पुंगळ्यांची, सगळ्याच्या सगळ्या, न दाबलेल्या. मग सदऱ्यात गुंडाळलेली डाय काढून तिच्याकडे एकदा पाहिलं आणि परत बगलेत घेतली. "मंग राहू द्या जी," ते म्हणाले. 'जी' पुन्हा आला होता, पण डाय बगलेतच राहिली.

त्या वाड्याचं काम आमच्याकडे परत आलं नाही आणि मी पुन्हा कधी रायफल हातात धरली नाही. क्लबाच्या लेटरहेडवर माझं नाव अजून वर्षभर होतं, असं ऐकलं. फोटोसाठी लागत असेल. रणजितबाबू राज्याला कारखान्याची काडतुसं घेऊन गेला. त्याचा कितवा नंबर आला ते मी विचारलं नाही, आणि कुणी सांगायला आलं तर ऐकलं नाही.

त्या दिवशी वाड्यातून निघून सौंसरच्या बसस्टँडपर्यंत आम्ही चालत गेलो. दुपारची वेळ होती, रस्त्याकडेच्या बागांतून संत्र्यांच्या पेट्या ठोकल्याचा आवाज येत होता. अर्ध्या वाटेत बाबा थांबले. घाम पुसला. डाय एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"तं त्याच दिवशी बोलाले पाहिजे होतं म्या," ते म्हणाले. "चांदमारीवर."

"हो," मी म्हटलं. "पाहिजे होतं."

त्यांनी मान हलवली आणि आम्ही पुढे चालू लागलो. जाऊ द्या बाबा, असं मी म्हणाले नाही. त्यांनी ते मागितलंही नव्हतं.